घरच्या विमा कंपनीत मालकाला नकार कोण देणार?

दिल्लीच्या करोल बागेत बँक स्ट्रीटवर दागिन्यांच्या दुकानांची रांग लागलेली आहे. पण त्या झगमगाटाला माल पुरवणारी खरी पेठ मागच्या गल्ल्यांत आहे, बिदनपुरा आणि रैगरपुऱ्याच्या अरुंद जिन्यांवर. घडाईच्या कामात बंगाली कारागीर, आणि सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात आपला मराठी माणूस. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी-विटा भागातले गलाईवाले देशभरच्या सराफ बाजारांत पोचले, तसे इथेही आले. मूस, भट्टी, तेजाब आणि पत एवढ्यावर हा धंदा चालतो. सराफाचे सोने कारागिराकडे जाते, तिथून गलाईवाल्याकडे, परत कारागिराकडे, मग पुन्हा दुकानात. पुष्कळदा मध्ये एका चिठ्ठीखेरीज काही नसते.

या मालाचा विमा उतरवायचा तर बाजारात 'ज्वेलर्स ब्लॉक' नावाची पॉलिसी मिळते. तिचे साधारणपणे चार भाग असतात: दुकानातला माल, मालकाच्या किंवा त्याच्या माणसांच्या ताब्यात बाहेर असलेला माल, वाहतुकीतला माल आणि दुकानाचे फर्निचर. वाचायला सगळे भरभक्कम वाटते. पण खालची बारीक अक्षरे वाचली की कळते, ज्याच्या हाती विश्वासाने माल सोपवला त्यानेच तो लांबवला तर भरपाई नाही. रात्री तिजोरीबाहेर राहिलेल्या मालाचेही तेच. म्हणजे सराफाला ज्याची खरी धास्ती असते, नेमके तेवढेच विमा कंपनी वगळते. तिचेही चूक म्हणता येत नाही. कोणाच्या कारागिराची नियत कशी, हे तिला कळणार कसे?

ते कळते फक्त पेठेला. मग समजा, इथल्या वीस सराफांनी ठरवले की आपणच आपली विमा कंपनी काढू. कोण कारागीर किती जुना, कोणाच्या भट्टीवर किती घट येते, कोण सोने देताना चिठ्ठी घेत नाही, हे आपल्याला परक्या कंपनीपेक्षा कितीतरी चांगले ठाऊक आहे. हप्ता आपल्यातच राहील आणि वर्ष चांगले गेले तर नफाही आपलाच. या कल्पनेला विम्याच्या जगात 'कॅप्टिव्ह' म्हणतात: मालकांनी स्वतःचीच जोखीम उतरवण्यासाठी काढलेली, मालकांच्याच मुठीतली विमा कंपनी. एकाच उद्योगसमूहाची असेल तर शुद्ध कॅप्टिव्ह, वीस जणांची असेल तर सामूहिक.

आपल्याकडच्या कुणालाही हे ऐकून पहिल्यांदा भिशी आठवेल. पण भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतोच, आणि भरलेले पैसे कधी ना कधी त्याच्या हाती येतात. विमा कंपनीत ज्याचे नुकसान झाले नाही त्याच्या हाती काही येता कामा नये. हा फरक ज्या संचालक मंडळाला कळला नाही, त्याने चालवलेली कॅप्टिव्ह दोन-तीन वर्षांत भिशी होऊन बसते. असे प्रत्यक्षात घडलेही आहे, आणि तेही सराफांच्याच बाबतीत. त्याकडे वळण्याआधी थोडे मूळ.

'कॅप्टिव्ह' हे नाव रूढ केले अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या फ्रेडरिक रीस या विमातज्ज्ञाने. यंग्सटाउनच्या एका पोलाद कंपनीच्या मालकीच्या खाणी फक्त त्या कंपनीसाठीच खनिज काढत, म्हणून त्यांना कॅप्टिव्ह खाणी म्हणत. 1950 च्या दशकात रीसने तोच शब्द विमा कंपनीला लावला. 1962 मध्ये त्याने बर्म्युडात बस्तान हलवले, कारण अमेरिकेत नवी विमा कंपनी काढायची तर भांडवल आणि नियम दोन्ही अवजड होते. पुढे केमन बेटे, गर्न्सी, आणि 1981 पासून अमेरिकेतलेच व्हरमाँट राज्य असे अड्डे तयार झाले. आज जगात अशा कंपन्यांची संख्या काही हजारांत आहे, आणि मोठ्या बहुराष्ट्रीय उद्योगांपैकी बहुतेकांकडे एखादी तरी असते.

आता ते सराफ. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराच्या परिसरात एका दांपत्याची दागिन्यांची तीन दुकाने होती. धंदा तेजीत. 2006 मध्ये त्यांचा सगळ्या विम्यावरचा खर्च वर्षाला साधारण दीड लाख डॉलर होता. 2007 मध्ये त्यांनी सेंट किट्स या कॅरिबियन बेटावर स्वतःची विमा कंपनी काढली, पत्नीच्या नावावर. पुढे 2009 मध्ये विमा खर्च म्हणून करातून वजा केलेली रक्कम अकरा लाख डॉलरच्या वर गेली आणि 2010 मध्ये तेरा लाखांच्या आसपास. दुकाने तीच होती आणि तिजोऱ्याही त्याच. जोखीम एवढी वाढली होती असे कोणी म्हणणार नाही. जुने विमे चालूच होते आणि त्यांच्यावर या नव्या हप्त्यांचा थर चढला होता. त्या काळात घरच्या कंपनीकडे एकही दावा दाखल झाला नाही. करखात्याची तपासणी सुरू झाल्यावर मात्र दावे येऊ लागले.

मधल्या काळात विमा कंपनीकडे साठलेल्या पैशांतून सतरा लाख डॉलर कर्जाच्या रूपाने, बहुतांशी कागदोपत्री मुलांच्या नावे असलेल्या एका जमीनजुमल्याच्या कंपनीमार्फत, त्या दांपत्याकडे परत आले. त्या बेटावरच्या नियामकाची आगाऊ परवानगी लागत असताना ती घेतली नव्हती. 2017 मध्ये अमेरिकेच्या करन्यायालयाने निकाल दिला की ही विमा कंपनी सर्वमान्य अर्थाने विमा कंपनीच नव्हे, म्हणून वजावट नामंजूर.

निकाल वाचताना कराची भानगड बाजूला ठेवून एवढेच शोधत जावे: या कंपनीत कोणत्या टप्प्यावर कोणी 'हे चालणार नाही' म्हणायला हवे होते? हप्ता सातपट झाला तेव्हा, आणि कर्जाचा अर्ज आला तेव्हा. दोन्ही वेळा म्हणणारे कोणी नव्हते, कारण विमा उतरवणारा, विमा देणारा आणि कर्ज घेणारा, तिघे एकाच घरातले.

परदेशातल्या लोकांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. घरच्या मुठीतल्या विमा कंपनीचे भारतातले सगळ्यात गाजलेले प्रकरण करोल बागेपासून फार लांबचे नाही. रामकृष्ण दालमिया यांच्या उद्योगसमूहात भारत इन्शुरन्स कंपनी होती. मूळची लाहोरची, 1896 सालची, नंतर दिल्लीत आलेली. ती तांत्रिक अर्थाने कॅप्टिव्ह नव्हती, कारण ती सामान्य लोकांना आयुर्विमा विकत होती. पण कारभार अगदी मुठीतल्यासारखा होता. 1954-55 मध्ये समूहातल्या दुसऱ्या एका कंपनीला शेअरच्या वायदे व्यवहारात मोठा तोटा झाला, आणि विमा कंपनीच्या मुंबईतल्या बँक खात्यातून सव्वादोन कोटी रुपयांच्या आसपास रक्कम बाहेर गेली. हिशेबात ती सरकारी रोख्यांची खरेदी म्हणून दाखवली गेली. त्यांतले बरेच रोखे प्रत्यक्षात घेतलेच नव्हते. डिसेंबर 1955 मध्ये खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत हा सगळा मामला मांडला. पुढे दालमियांनी रक्कम भरून दिली, तरी खटला चालला आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली.

या निकालातला एक भाग प्रत्येक संचालकाने वाचावा असा आहे. कंपनीचा अध्यक्ष हा कंपनीच्या पैशांचा मालक नसून तिचा अभिकर्ता आहे, म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारा आहे, असे न्यायालयाने धरले. म्हणून गुन्हेगारी न्यासभंगाचे कलम लागू झाले. सगळे शेअर तुमच्या खिशात असले तरी कंपनी निराळी आणि तुम्ही निराळे, ही गोष्ट तुरुंगात गेल्यावर पटावी अशी अवघड मुळीच नाही. पण घरच्या कंपनीत ती पटायला फार जड जाते खरी.

दालमिया प्रकरण उजेडात आले तेव्हा केंद्रीय अर्थमंत्रिपदी चिंतामणराव देशमुख होते, रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. 19 जानेवारी 1956 रोजी वटहुकूम काढून सरकारने आयुर्विमा व्यवसाय ताब्यात घेतला. 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी आणि 75 भविष्यनिर्वाह संस्था, एकूण 245. राष्ट्रीयीकरणाचे समर्थन करताना देशमुखांनी मागच्या दशकाचा हिशेब दिला: पंचवीस आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या होत्या आणि आणखी पंचवीस कंपन्यांनी पैसा असा उधळला की त्यांचा धंदा विमाधारकांच्या नुकसानीत दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर त्यांनी आधीच राजीनामा दिला होता.

मालक बदलला की कारभार सुधारतो, असे तेव्हा अनेकांना वाटले असणार. वर्षही उलटले नाही. जून 1957 मध्ये महामंडळाने उद्योजक हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. महामंडळाची गुंतवणूक समिती अस्तित्वात होती, पण खरेदीआधी तिला विचारलेच नाही. पुन्हा फिरोज गांधींनीच प्रश्न उठवला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली. इतकी गर्दी लोटली की दालनाबाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी 1958 मध्ये अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. दालमियांच्या जागी सरकार आले, तरी दुखणे तेच राहिले. मालकाचा शब्द आला की समितीची बैठक हा उपचार ठरतो. माझ्या मते या दोन प्रकरणांत मिळून विमा कंपनीच्या कारभाराचा निम्मा अभ्यासक्रम आला.

आता उरलेला निम्मा. कॅप्टिव्हच्या संचालक मंडळाला प्रत्यक्षात करायचे काय असते?

हप्ता ठरवणे हे पहिले. तो मालकाच्या सोयीने ठरता कामा नये. ॲक्च्युअरीने, म्हणजे विमागणितज्ज्ञाने, जुन्या नुकसानीच्या आकड्यांवरून काढावा, आणि मंडळाने तो बाहेरच्या बाजारातल्या दराशी ताडून पाहावा. आपल्या वीस सराफांचेच घ्या. ज्याच्या दुकानातून वर्षानुवर्षे माल हरवतो आणि ज्याच्याकडे प्रत्येक ग्रॅमची नोंद असते, त्या दोघांना सारखा हप्ता लावला तर दुसरा बाहेर पडेल आणि पहिला राहील. वेगळा लावायचा ठरवले तर बैठकीत आवाज चढणार. मंडळ कामाचे आहे की नाही, ते त्या बैठकीत कळते.

मग दावे. एका सदस्याचा कारागीर अर्धा किलो सोने घेऊन पळाला. सोने खरेच गेले का? चिठ्ठी आहे का? की तोट्यातल्या दुकानाला हा हात? टेबलाभोवती बसलेले सगळे त्याचे शेजारी, काही व्याही, काही एकाच गणपती मंडळाचे वर्गणीदार. अशा वेळी ज्याचा दावा आहे त्याने खोलीबाहेर जावे, आणि पाहणी पेठेबाहेरच्या माणसाने करावी. भारताच्या कंपनी कायद्यात, 2013 च्या कायद्याच्या कलम 184 मध्ये, हितसंबंध असलेल्या संचालकाने तो उघड करावा आणि त्या विषयावरच्या चर्चेत भाग घेऊ नये असे म्हटलेलेच आहे. नियम जुना आहे, पाळणे अवघड. विशेषतः जिथे कोणी कोणाला 'काका' म्हणतो तिथे.

पैसा कुठे ठेवायचा, हा तिसरा विषय, आणि बहुतेक कॅप्टिव्ह इथेच घसरतात. हप्त्यांचा साठा वाढला की मूळ कंपनीला तो कर्जाऊ हवासा वाटतो. आपलाच पैसा, आपल्यालाच लागला, यात वावगे काय? वावगे असे की ज्या दिवशी मोठी आग लागेल त्या दिवशी मूळ कंपनीही अडचणीत असेल, आणि दावा भरायला पैसा हवा तेव्हाच कर्ज वसूल होणार नाही. म्हणून व्हरमाँटसारख्या राज्यात मूळ कंपनीला कर्ज द्यायचे तर नियामकाची लेखी पूर्वपरवानगी लागते. भारताच्या 1938 च्या विमा कायद्याचे कलम 29 तर विमा कंपनीने आपल्या संचालकांना कर्ज देण्यालाच बंदी करते.

कॅप्टिव्हचा रोजचा कारभार सहसा एखादी व्यवस्थापन कंपनी पाहते. ती पुष्कळदा त्याच दलाली समूहाची असते ज्याने मालकाला कॅप्टिव्ह काढायचा सल्ला दिला, आणि जो तिच्यासाठी पुनर्विमाही, म्हणजे विमा कंपनीचाच विमा, आणून देतो. सल्लागार, व्यवस्थापक आणि दलाल एकच झाला की कॅप्टिव्ह बंद करण्याचा सल्ला मंडळाला कोण देईल? यासाठी निदान एक संचालक असा हवा की ज्याला विमा कळतो आणि ज्याची मिळकत ना मालकाकडून येते ना व्यवस्थापकाकडून. त्याला सगळ्यांशी भांडायचे नसते. एखाद्या बैठकीत त्याने 'मला हे कागद वाचायला आठवडा हवा' एवढे म्हटले तरी काम होते.

चांगले उदाहरण शोधायला बॉस्टनला जावे लागते. 1970 च्या दशकात अमेरिकेत डॉक्टरांच्या हलगर्जीपणाच्या दाव्यांनी विमा इतका महागला की कंपन्या माघार घेऊ लागल्या. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी 1976 मध्ये केमन बेटांवर स्वतःची कॅप्टिव्ह काढली. दावे भरून ती थांबली नाही. दाव्यांच्या फायली तिच्याच कपाटात जमू लागल्या, आणि त्या वाचल्यावर दिसले की भूल देण्याच्या कामातले अपघात संख्येने थोडे असले तरी नुकसानीने फार मोठे आहेत, आणि त्यांतले बरेचसे रुग्णावर सतत लक्ष ठेवले असते तर टळले असते. त्यातून 1980 च्या दशकाच्या मध्यास हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल देताना रुग्णाच्या देखरेखीचे किमान नियम ठरवले, आणि ते पुढे देशभर मानदंड झाले. भूलतज्ज्ञांचे हप्तेही कमी झाले. परक्या विमा कंपनीने हप्ता वाढवला असता आणि हात झटकले असते. ज्यांचे नुकसान तेच विमा देणारे असल्यामुळे त्यांना कारण शोधणे भाग पडले. कॅप्टिव्हचा खरा फायदा हा आहे. कर वाचणे त्यानंतर.

बीपी या तेल कंपनीची कथा मधली. तिची ज्युपिटर नावाची कॅप्टिव्ह गर्न्सीत होती. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलमंचावर स्फोट झाला तेव्हा ज्युपिटरच्या संरक्षणाची मर्यादा एका घटनेला 70 कोटी डॉलर होती, आणि बीपीचा एकूण खर्च सहा हजार कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. मर्यादा होती म्हणून कॅप्टिव्ह बुडाली नाही. पण घरची विमा कंपनी असणे म्हणजे विमा असणे नव्हे, हेही त्या आकड्यांच्या तफावतीवरून दिसले. जोखीम किती घरात ठेवायची आणि किती बाहेर, पुनर्विम्याकडे, पाठवायची हा निर्णय संचालकांनी शांत वर्षात, एकही दावा नसताना, घ्यायचा असतो.

भारतात कॅप्टिव्हसाठी वेगळा परवाना नाही. विमा कंपनी काढायची तर किमान भांडवल 100 कोटी रुपये, म्हणजे आपल्या वीस सराफांची कल्पना इथे तरी कागदावरच राहते. 2022 च्या अखेरीस सरकारने विमा कायद्यातल्या बदलांचा जो मसुदा चर्चेला ठेवला त्यात कॅप्टिव्हला वाट देण्याची सूचना होती. परदेशात मात्र दार किलकिले आहे. ऑगस्ट 2022 मध्ये आलेल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार, विमा क्षेत्रात नसलेली भारतीय कंपनीही परदेशात सर्वसाधारण वा आरोग्य विम्यात पैसा घालू शकते. अट अशी की तो विमा तिच्या परदेशातल्या मूळ धंद्याला आधार देणारा असावा. मोठ्या उद्योगांसाठी ही कॅप्टिव्हची वाटच आहे.

पण तिथेही संचालक मंडळच आडवे येते. प्रत्यक्ष कारभाराचे स्थान कुठे, यावरून परदेशी कंपनीला भारतात करनिवासी ठरवण्याचा नियम 1 एप्रिल 2017 पासूनच्या करनिर्धारण वर्षांना लागू आहे. वर्षाची 50 कोटींपर्यंतची उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यातून वगळले आहे. कंपनी बर्म्युडात नोंदली, बैठकही तिथेच भरवली, पण हप्ता, दावे, गुंतवणूक हे सगळे निर्णय मुंबईच्या मुख्यालयात झाले आणि बर्म्युडातल्या संचालकांनी नुसता अंगठा उमटवला, तर कंपनी भारतीय ठरू शकते. व्हरमाँट तर वर्षातून निदान एक बैठक राज्यातच घ्यायला लावते. इतिवृत्तात फक्त 'ठराव एकमताने संमत' लिहिलेले असेल तर करअधिकाऱ्याचे काम सोपे होते. कोणी काय विचारले, कोणते कागद मागवले, कोणती सूचना परत पाठवली, हे लिहिलेले असेल तर गोष्ट वेगळी.

भारतात सध्याच्या विमा कंपन्यांसाठी नियामकाने 2024 मध्ये कारभाराचे नवे नियम आणले. किमान तीन स्वतंत्र संचालक हवेत, आणि लेखापरीक्षण, गुंतवणूक, जोखीम, विमाधारकांचे हित यांसाठी समित्या हव्यात. कॅप्टिव्हला परवाना मिळेल तेव्हा उद्योगसमूह म्हणतील की आमच्याकडे सामान्य विमाधारक नाहीतच, मग एवढा गोतावळा कशाला? त्यांचे अर्धे म्हणणे मान्य करावे. वीस सराफांच्या कंपनीला एवढ्या समित्यांची गरज नाही. पण त्या कंपनीच्या हप्त्यामागे जखमी कामगाराची भरपाई असेल, ज्याच्या मालाचे नुकसान झाले तो ग्राहक असेल, कर्ज देणारी बँक असेल. ते कोणीही बैठकीला बसलेले नसतात.

म्हणून कायदा करणाऱ्यांकडे मागणी दोनच गोष्टींची असावी. मालकाशी आणि व्यवस्थापकाशी संबंध नसलेला, विमा जाणणारा किमान एक संचालक, ज्याला काढायचे तर नियामकाला कारण कळवावे लागेल. आणि कलम 29 मधली कर्जबंदी कॅप्टिव्हलाही तशीच लागू, मूळ कंपनी आणि मालकाचे कुटुंब धरून. बाकीच्या अटींवर सवलत द्यायला हरकत नाही.